गोळीनंतरचे एकवीस दिवस

स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कालनिर्णयावर घरातला सगळा हिशोब असतो. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, आणि एखाद्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेनाने टेकवलेले बारीक टिंब. त्या टिंबाचा अर्थ फक्त घरातल्या बायकांना कळतो. त्या दिवशी पाळी आलेली असते.

समजा, एका तरुणीने ३ जूनच्या चौकोनात असे टिंब दिले. तिची पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांनी येते. १४ जूनच्या रात्री निरोध फाटला. १५ तारखेला सकाळी मेडिकलमधून गोळी आणून तिने घेतली. दिवसभर मळमळले, डोके जड झाले, मग बरे वाटले. २१ तारखेला कपड्यावर तपकिरी डाग दिसला. संध्याकाळपर्यंत लाल रक्त जाऊ लागले आणि तीन दिवस चालले. ठरलेल्या पाळीला अजून दहा दिवस होते. मग हे काय? पाळीच लवकर आली? गोळी लागू पडली? की दिवस राहिले आणि आत काही बिघडले? १ जुलै उजाडला, पाळी आली नाही, आणि हेच प्रश्न दुपटीने परतले.

ही तरुणी विवाहित आहे की अविवाहित, याने पुढच्या हिशोबात काही फरक पडत नाही. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या अनेकींच्या वाट्याला ही घालमेल येते. पाळी चुकली की दिवस गेले, पाळी आली की सुटलो, ही खूण आपण आईकडून, आजीकडून शिकलो. ही गोळी नेमके पाळीचेच वेळापत्रक हलवते. नेहमीची खूणच डळमळली की धरायला काही उरत नाही.

म्हणून या प्रश्नाच्या सगळ्या बाजू इथे एकत्र मांडते आहे. मुख्य गोष्ट मात्र आधीच सांगते. गोळीनंतर रक्त दिसले म्हणजे धोका टळला, असे नाही. रक्त दिसले नाही म्हणजे दिवस गेले, असेही नाही. याचे उत्तर तारखेत आणि लघवीच्या तपासणीत मिळते.

गोळी आली कुठून

संबंधांनंतर गर्भधारणा रोखण्याचे आधुनिक प्रयत्न १९६०च्या दशकात सुरू झाले. नेदरलँड्समध्ये बलात्कार झालेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचे मोठे डोस दिले, ही त्यातली सुरुवातीची नोंद. १९७४मध्ये कॅनडाचे डॉ. अल्बर्ट युझ्पे यांनी नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांतलीच दोन संप्रेरके जास्त मात्रेत देण्याची पद्धत मांडली. ती उपयोगी होती, पण तिने उलट्या फार व्हायच्या.

पुढचे मोठे पाऊल १९९८चे. जागतिक आरोग्य संघटनेने चौदा देशांत युझ्पे पद्धत आणि एकट्या लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाची गोळी यांची तुलना केली. लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेतलेल्या ९७६ जणींपैकी ११ जणींना दिवस गेले. युझ्पे पद्धतीच्या ९७९ जणींपैकी ३१ जणींना. उलट्यांचा त्रासही नव्या गोळीने बराच कमी झाला. २००२च्या अभ्यासाने हेही दाखवले की अर्धा-अर्धा डोस बारा तासांनी घेण्याऐवजी १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी तितकेच काम करते. आज मेडिकलमध्ये मिळते ती हीच.

भारतात २००५पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली. २००७मध्ये आय-पिल बाजारात आली, टीव्हीवर तिच्या जाहिराती झळकल्या आणि गोळीचे नाव घराघरांत पोहोचले. सरकारी व्यवस्थेतही ती आहे. २०११मध्ये सुरू झालेल्या योजनेत आशाताईंनी निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्या घरपोच द्यायच्या असे ठरले, आणि आपत्कालीन गोळीची किंमत २ रुपये ठेवली गेली. म्हणजे गोळी पोहोचली. गोळीनंतर शरीरात काय होते याची माहिती मात्र तिच्या मागोमाग आली नाही. डबीतला कागद उघडून बघा. तळहाताएवढ्या जागेत मुंगीच्या पायांसारखी अक्षरे, आणि तीही बहुतेक इंग्रजी. घाबरलेल्या डोळ्यांना त्यातले काय वाचता येणार?

ती करते काय

पाळीच्या चक्रात साधारण मध्यावर, पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी, अंडाशयातून स्त्रीबीज सुटते. त्याआधी दीड-दोन दिवस मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाच्या संप्रेरकाची लाट उठते. ही लाट म्हणजे बीजाला सुटण्याचा हुकूम. लेव्होनॉर्जेस्ट्रेल ही लाट दाबते किंवा पुढे ढकलते. पुरुषबीजे स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. तेवढ्या काळात बीजच सुटले नाही, तर ती वाट पाहून संपतात.

गोळीचे काम एवढेच. लाट एकदा उठली, बीज सुटण्याच्या बेतात आले, की या गोळीचा फारसा इलाज चालत नाही. २०११मध्ये चिलीतल्या संशोधकांनी याचा पडताळा घेतला. बीज सुटण्याआधी गोळी घेतलेल्यांत एकीलाही दिवस गेले नाहीत. बीज सुटल्यावर घेतलेल्यांत गोळी न घेतल्यासारखेच दिवस गेले. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे घाई महत्त्वाची. बहात्तर तासांची मुदत म्हणजे बहात्तर तास थांबायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. १९९८च्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांत गोळी घेतलेल्यांत ९५ टक्के, दुसऱ्या दिवशी ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८ टक्के संभाव्य गर्भधारणा टळल्या होत्या. दुसरी गोष्ट, ही गोळी रुजलेला गर्भ पाडत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२२मध्ये डबीवरच्या मजकुरात तसा स्पष्ट बदल करून घेतला.

टक्केवारीबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण त्यातून उगाच धसका बसतो. "८५ टक्के परिणामकारक" म्हणजे शंभरातल्या पंधरा जणींना दिवस जातात, असे नाही. महिन्यातल्या कुठल्याही दिवशी आलेल्या एकेका संबंधातून, काहीच केले नाही तर शंभरातल्या सुमारे सात जणींना दिवस जातील असा अंदाज १९९८च्या अभ्यासात धरला होता. गोळी घेतल्यावर ते एकीच्या आसपास आले. म्हणजे वेळेवर गोळी घेतलेल्या शंभरातल्या नव्याण्णव जणींना दिवस जात नाहीत. राहिलेली एक कोण, हे मात्र कोणाच्याही कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून तपासणी.

मध्येच रक्त का जाते

आता मूळ प्रश्न. हे समजायला आपल्याकडच्या बायकांना परक्या उदाहरणाची गरज नाही. गणपती, मंगळागौर, घरातले लग्न, सत्यनारायण अशा वेळी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या अनेकींनी घेतल्या आहेत. त्यांचा अनुभव असा की गोळ्या चालू असेपर्यंत पाळी येत नाही, आणि थांबवल्यावर दोन-चार दिवसांत येते. त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे संप्रेरक असते. ते गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवते. त्याचा पुरवठा थांबला की अस्तराचा आधार जातो आणि ते रक्तावाटे बाहेर पडते.

आपत्कालीन गोळीतले लेव्होनॉर्जेस्ट्रेल त्याच घराण्यातले. फरक मात्रेचा. रोज घ्यायच्या माला-डी या गर्भनिरोधकाच्या एका गोळीत ते ०.१५ मिलिग्रॅम असते. आपत्कालीन गोळीत १.५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा गोळ्यांइतके एका घोटात. रक्तातली पातळी एकदम चढते आणि थोड्या दिवसांत उतरते. उतरताना अस्तराचा काही भाग सुटतो, आणि डाग पडतात किंवा दोन-तीन दिवस पाळीसारखे रक्त जाते. २००२च्या अभ्यासात ही गोळी घेतलेल्या शंभरातल्या सुमारे तीस जणींना पहिल्या सात दिवसांत असे रक्त गेले. उरलेल्या सत्तर जणींना काहीच दिसले नाही, आणि तेही तितकेच स्वाभाविक होते. "माझ्या मैत्रिणीला रक्त गेले, मला का नाही?" या काळजीला म्हणूनच आधार नाही.

पुढची पाळी कधी येणार, हे बऱ्याच अंशी गोळी चक्राच्या कोणत्या दिवशी घेतली यावर ठरते. पाळीनंतर लवकर, बीज सुटायला बरेच दिवस असताना घेतली, तर पाळी अलीकडे सरकते. बीज सुटण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर घेतली, तर ती ठरल्या दिवशी किंवा थोडी उशिरा येते. बहुतेकींची पाळी ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर मागे-पुढे येऊन जाते. शंभरातल्या चार-पाच जणींना सात दिवसांपेक्षा जास्त उशीर होतो. ती पाळी नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी असू शकते, रंग गडद असू शकतो, गाठी जाऊ शकतात. पुढच्या एक-दोन महिन्यांत चक्र पूर्ववत होते. ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे, ज्यांना पीसीओएस किंवा थायरॉइडचा त्रास आहे, ज्या अंगावर पाजत आहेत, त्यांना तारखेवरून अंदाज बांधणे अधिक अवघड जाते. त्यांनी तर पाळीची वाट पाहत बसूच नये. संबंधांच्या तारखेपासूनच दिवस मोजावेत.

आपल्या तरुणीचे २१ जूनचे रक्त बहुधा गोळीचे होते. "बहुधा" हा शब्द मुद्दाम वापरते आहे. गर्भ रुजतानाही कधी कधी हलके डाग पडतात. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत अडकला असेल तेव्हाही रक्त जाते. रंग, प्रमाण, दिवस यांवरून यातले काय झाले, हे घरबसल्या कोणालाही सांगता येत नाही. मैत्रिणीला नाही, मेडिकलवाल्याला नाही, फोनवरून डॉक्टरांनाही नाही.

उत्तर कधी आणि कसे मिळते

गर्भ गर्भाशयात रुजतो तो बीज सुटल्यावर साधारण सहा ते बारा दिवसांनी. रुजल्यावर एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागते, आणि लघवीची तपासणी तेच शोधते. म्हणून गोळीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी केलेली तपासणी काहीच सांगत नाही. तेव्हा येणारी एक रेघ दिलासा देते, पण तो दिलासा पोकळ असतो. अनेक जणी घाबरून पहिल्याच आठवड्यात तीन-चार किट वापरतात, दर वेळी एक रेघ येते, आणि खात्री काही होत नाही. खात्री व्हायचा दिवसच अजून उगवलेला नसतो.

नियम सोपा आहे. असुरक्षित संबंधांनंतर एकवीस दिवस मोजायचे आणि त्या दिवशी तपासणी करायची. त्या महिन्यात एकापेक्षा जास्त वेळा असे झाले असेल, तर शेवटच्या वेळेपासून मोजायचे. पाळी ठरलेल्या तारखेनंतर सात दिवस उलटूनही आली नाही तरी करायची. आणि जे रक्त गेले ते नेहमीच्या पाळीपेक्षा फारच कमी, फक्त डागांसारखे असेल, तर "पाळी आली" असे धरून तपासणी टाळायची नाही.

किट मेडिकलमध्ये मिळते. सरकारी उपकेंद्रात आणि आशाताईंकडे "निश्चय" नावाचे किट असते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत घ्यायची, ड्रॉपरने दोन-तीन थेंब खाचेत टाकायचे आणि पाकिटावर लिहिलेली मिनिटे थांबायचे. "सी"समोर रेघ आली म्हणजे किट चालते आहे. "टी"समोरही आली, अगदी फिकट का असेना, तर दिवस राहिल्याचे धरून डॉक्टरांकडे जायचे. "सी"समोर रेघच नसेल तर ते किट बाद, नवे आणायचे. अर्धा तास उलटल्यावर उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. एकविसाव्या दिवशी एकच रेघ आली आणि तरी पाळी नाही, तर आठवड्याने पुन्हा एकदा करायची. त्यातूनही शंका राहिली तर रक्तातल्या बीटा-एचसीजीच्या तपासणीने ती मिटते.

गोळी कधी चुकते

गोळी घेऊनही दिवस राहतात त्यामागची कारणे बहुतेक वेळा शोधून सापडतात. उशीर हे एक. बीज सुटण्याची लाट आधीच उठलेली असणे हे दुसरे, आणि त्यावर कोणाचाच ताबा नसतो. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर औषध अंगी लागत नाही. दुसरी गोळी घ्यावी लागते.

सर्वात दुर्लक्षित कारण पुढचे. ही गोळी आधीच्या संबंधांपुरती असते, पुढच्यांसाठी ती ढाल नव्हे. उलट ती बीज सुटणे पुढे ढकलते, म्हणजे बीज चार-पाच दिवसांनी सुटू शकते. "आता गोळी घेतली आहे" या भरवशावर त्याच आठवड्यात पुन्हा निरोधाशिवाय जवळ आले, तर ढकललेले बीज नेमके तेव्हा गाठले जाते. गोळी घेतल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायलाच हवा.

आपल्या देशात आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवे. टीबीच्या उपचारांतले रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, एचआयव्हीवरचे इफाविरेंझ ही औषधे यकृताला असे कामाला लावतात की गोळीतले संप्रेरक लवकर निकालात निघते. ही औषधे चालू असताना साधी एक गोळी पुरेलच असे नाही. डॉक्टरांना विचारले पाहिजे. वजन जास्त असेल तरीही गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. अशा वेळी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी, म्हणजे कॉपर-टी. तिचे यश ९९ टक्क्यांहून जास्त आहे, सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवली जाते, आणि प्रकारानुसार पुढची पाच किंवा दहा वर्षे तीच गर्भनिरोधनाचे काम करते. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलींना युलिप्रिस्टल ही पाच दिवसांपर्यंत चालणारी गोळीही मिळते. युरोपात ती २००९पासून आणि अमेरिकेत २०१०पासून मान्य आहे.

तीन गोळ्यांची गल्लत

काउंटरवर खाली मान घालून "ती गोळी द्या" म्हटले जाते, आणि तिथे मोठी गल्लत होऊ शकते. बोलीभाषेत तीन वेगवेगळ्या गोष्टींना "ती गोळी" म्हणतात.

पहिली ही आपत्कालीन गोळी. डबीत एकच गोळी असते. गर्भ राहण्याआधीचा हा उपाय.

दुसरी गर्भपाताची. त्या पाकिटात पाच गोळ्या असतात, एक मिफेप्रिस्टोनची आणि चार मिसोप्रोस्टॉलच्या. राहिलेला गर्भ पाडण्यासाठी, नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यायची असते. तिने होणारा रक्तस्राव पाळीपेक्षा बराच जास्त असतो. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या तो काढू शकत नाहीत आणि जिवावर बेतू शकते. तपासणी न करता, "असू दे, खात्री होईल" म्हणून या गोळ्या घेणे धोक्याचे आहे.

तिसरी "पाळी आणण्याची" गोळी. पाळी लांबली की काही जणी पाच-सहा दिवसांच्या संप्रेरक गोळ्या घेतात. दिवस गेले नसतील तर त्या थांबवल्यावर रक्त येते. दिवस गेले असतील तर त्यांनी गर्भ पडत नाही. फक्त कळायला उशीर होतो आणि मधले मोलाचे आठवडे हातचे जातात. पपई, तीळ-गुळाचा काढा, पोटात आग पडेपर्यंत घेतलेले उष्ण पदार्थ यांचीही तीच गत. पाळी लांबली की आधी तपासणी, मग उपाय. हा क्रम उलटा करू नये.

धावत डॉक्टरांकडे कधी जायचे

बहुतेक रक्तस्राव आपोआप थांबतो. पण पुढीलपैकी काही झाले तर एकवीस दिवसांची वाट पाहायची नाही. तासाभरात पूर्ण पॅड भिजते आणि सलग दोन तास तसेच चालते. रक्त सात दिवसांनंतरही थांबत नाही. ताप येतो किंवा स्रावाला घाण वास येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखते, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा खांद्याच्या टोकाशी दुखते. गर्भ नळीत रुजल्याची ही लक्षणे असू शकतात. गोळीमुळे असा गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही. पण गोळीला चुकवून राहिलेला गर्भ नळीत असू शकतो, आणि "गोळीचे रक्त आहे, जाईल" म्हणून दुर्लक्ष झाले तर नळी फुटते. अशा वेळी डॉक्टरांना गोळी घेतल्याचे स्पष्ट सांगायचे. लपवल्याने निदान लांबते, आणि त्याची किंमत बाईचे शरीर मोजते.

आणि दोन रेघा आल्याच तर

गोळी घेऊनही दिवस राहिले आणि मूल हवे असे ठरले, तर या गोळीमुळे बाळात व्यंग येते असे कुठेही आढळलेले नाही. ती भीती मनातून काढून टाकावी. वंध्यत्व येते, हीदेखील अफवाच. पुढच्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात, इतका तिचा परिणाम थोडक्या दिवसांचा आहे.

मूल नको असेल तर कायदा बाईच्या बाजूने आहे, हे अजून अनेकींना ठाऊक नाही. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. विशिष्ट परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन फसले हे कारण आता अविवाहितेलाही लागू आहे. बाईचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे. प्रौढ बाईला नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद नाकारला. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड न करण्याची मुभाही डॉक्टरांना दिली. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला तर कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, तातडीचे मोफत उपचार द्यायलाच हवेत, आणि आपत्कालीन गोळी हा त्याचा भाग आहे.

न विचारलेले प्रश्न

माहिती एवढी उपलब्ध असताना भीती का जात नाही? कारण प्रश्न विचारायची सोय नाही. हे दुखणे महाराष्ट्राला नवे नाही, आणि त्यावरचा उपायही इथेच सुचला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२७पासून १९५३मध्ये मरण येईपर्यंत ते "समाजस्वास्थ्य" मासिक चालवत राहिले. त्यात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना प्रश्न पडतात आणि त्यांना उत्तर देणे अश्लील नव्हे, हा त्या बचावाचा गाभा होता. खटला कर्वे हरले, दंड भरला आणि मासिक पुढे चालू ठेवले.

त्यानंतर जवळजवळ शतक लोटले. तरी संध्याकाळी मेडिकलसमोर उभी मुलगी दुसरे गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या औषधांकडे पाहत राहते. डबी कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून तिच्या हातात येते. "उलटी झाली तर परत घ्या", "मध्ये रक्त जाईल, घाबरू नका", "तीन आठवड्यांनी तपासा", ही तीन वाक्ये सांगायला अर्धे मिनिट पुरते. ती सांगितली तर एका मुलीच्या एकवीस रात्री वाचतात. मेडिकलवाल्यांनी, आशाताईंनी, कॉलेजच्या आरोग्य केंद्रांनी एवढे मनावर घ्यावे. डबीत मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत एक चिठ्ठी असावी, ही मागणीही फार मोठी नाही.

नेहमीच्या गर्भनिरोधक उपायांकडे वळणे हा शेवटचा टप्पा. वर्षातून किती वेळा ही गोळी चालते, असे अनेकजणी विचारतात. दुसऱ्यांदा घ्यावी लागली तर ती घातक ठरत नाही. पण वारंवार घेतली तर पाळी सतत विस्कटते, आणि रोजच्या साधनांपेक्षा ती कमी भरवशाची आहे. निरोध, माला, आठवड्याची "छाया" गोळी, तीन महिन्यांचे "अंतरा" इंजेक्शन, तांबी, यातले काहीतरी आपल्याला मानवते. रोजच्या गोळ्या तर आपत्कालीन गोळीनंतर लगेच सुरू करता येतात. पहिले सात दिवस सोबत निरोध ठेवायचा, आणि एकविसाव्या दिवसाची तपासणी चुकवायची नाही.

आता पुन्हा त्या कालनिर्णयाकडे. १४ जूनपासून एकवीस दिवस मोजले की ५ जुलै येतो. १५ तारखेला गोळी घेतली त्याच सकाळी तिने ५ जुलैच्या चौकोनात दुसरे टिंब देऊन ठेवले असते, तर २१ जूनच्या डागाने तिची झोप उडाली नसती. मधल्या रक्ताला काय म्हणायचे हे तिला माहीत असते, आणि उत्तर कोणत्या दिवशी मिळणार हेही. दोन टिंबांमधले दिवस काळजीचे राहिले असते, पण आंधळे राहिले नसते.

त्या टिंबाचा अर्थ फक्त घरातल्या बायकांना कळतो, असे सुरुवातीला लिहिले. हे मात्र बदलायला हवे. १४ जूनच्या रात्री ती एकटी नव्हती. ५ जुलैच्या सकाळी रेघ उमटण्याची वाट पाहतानाही तिच्या शेजारी कोणीतरी उभे असावे.